मुलगा प्रार्थनेच्या रिंगणात उभा राहत नाही

टेक्सासमधल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश असा:

मुलगा पंधरा वर्षांचा, तिथेच जन्मलेला. सरकारी हायस्कूलच्या सॉकर टीममध्ये खेळतो. दर मॅचआधी कोच लॉकर रूममध्ये मुलांचं रिंगण करतात, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायला लावतात आणि येशूच्या नावाने प्रार्थना सांगतात. मुलगा स्वतःला नास्तिक म्हणवतो. या सीझनपासून तो रिंगणात जात नाही. बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधत राहतो. कोच काही बोललेले नाहीत, पण गेल्या दोन मॅचना त्याला सुरुवातीच्या अकरा जणांत घेतलं नाही. मध्यंतरी त्याने टीमच्या ग्रुपवर येशूची टिंगल करणारं एक चित्र टाकलं आणि दोन मित्र तुटले. आता त्याला नास्तिकांच्या एका संघटनेमार्फत शाळेला वकिलाचं पत्र पाठवायचं आहे. वडील म्हणतात, आपण ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, कशात पडायचं नाही. हे नास्तिकपण म्हणजे अमेरिकेची हवा. दोन मिनिटं उभं राहिल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही, आपणही शाळेत प्रार्थना म्हणतच होतो. आई स्वतः श्रद्धाळू आहेत. गेल्या गणपतीत मुलगा आरतीला खोलीबाहेर आला नाही, हे त्यांना फार लागलं आहे. आणि एक वेगळीच धास्ती: त्यांच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव त्याच स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन होतो. "शाळेतून देव बाहेर काढा म्हणून माझाच मुलगा उभा राहिला आणि आमचा गणपतीही बाहेर गेला, तर मंडळात तोंड कसं दाखवू?"

ताई, नमस्कार.

आधी मंडळाची धास्ती दूर करू, म्हणजे बाकीचं नीट दिसेल. तुमचं मंडळ सुट्टीच्या दिवशी भाडं भरून, विम्याचे कागद देऊन हॉल घेतं. त्याच हॉलमध्ये पुढच्या रविवारी एखादं चर्च जमतं, त्याच्या पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी नृत्यवर्गाचा कार्यक्रम असतो. शाळा फक्त जागा देते. आरतीला कोण आलं, कोण नाही, याची नोंद कोणी शिक्षक ठेवत नाही. एकदा शाळेने आपली जागा बाहेरच्या मंडळांना खुली केली की एखादं मंडळ धार्मिक आहे एवढ्याच कारणावरून त्याला दार बंद करता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ आणि २००१ च्या निकालांत सांगितलं आहे. ते दोन्ही खटले न्यूयॉर्क राज्यातल्या ख्रिस्ती गटांनी जिंकले होते, आणि त्यांच्या विजयाचा लाभ तुमच्या गणपतीलाही मिळतो. मुलाने कोचच्या प्रार्थनेविरुद्ध तक्रार केली म्हणून तुमच्या हॉलला धक्का लागायचं कारण नाही.

लॉकर रूममधली गोष्ट निराळी आहे. तिथे प्रार्थना सांगणारा माणूस सरकारी पगारावर आहे, मुलं त्याच्या ताब्यात आहेत, आणि मॅचला कोण उतरणार हे तोच ठरवतो. तो "सक्ती नाही" म्हणाला तरी पंधरा वर्षांच्या मुलाला रिंगण सोडून बाकावर बसताना काय वाटत असेल, ते तुम्ही लिहिलेल्या बुटांच्या नाड्यांवरूनच कळतं. कोणीही इतका वेळ नाड्या बांधत नाही.

तुमच्या सगळ्या पत्रामागे एक समज आहे, त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. शाळेत सरकारी प्रार्थना नको म्हणणारा तो देवाच्या विरोधातला, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या मुलानेही तेच धरलंय, म्हणून तर त्याने ते चित्र टाकलं. पण 'देव नाही' हे म्हणणं एक, आणि 'सरकारने कोणाचाच देव निवडू नये' हे म्हणणं दुसरं. पहिलं पटवायला जन्म पुरणार नाही. दुसरं पटलेले लोक मात्र चर्चमध्येही भरपूर सापडतात, कारण त्याची मुळं चर्चमध्येच आहेत.

धर्म आणि शासन यांच्यामधली 'भिंत' हा शब्द राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने १ जानेवारी १८०२ रोजी लिहिलेल्या एका पत्रात येतो. ते पत्र कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना, होतं. तिथे तेव्हा काँग्रिगेशनल चर्चला राज्याचा आधार होता. बॅप्टिस्टांना त्या चर्चचा कर भरावा लागे, नाहीतर आपण वेगळ्या पंथाचे आहोत असा दाखला देऊन सूट मागावी लागे. ही माणसं पक्की श्रद्धाळू होती. दुसऱ्याच्या चर्चला आपल्या खिशातून पैसे का, आणि आपल्या श्रद्धेचा दाखला सरकारदरबारी का द्यायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आज टेक्सासमध्ये जिकडेतिकडे बॅप्टिस्ट चर्च दिसतात. तुमच्या मुलाचे कोच कदाचित त्यांतल्याच एखाद्या चर्चमध्ये जात असतील.

शाळांमधल्या प्रार्थनेचे खटले पाहिले तरी हेच दिसतं. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने एक प्रार्थना तयार केली होती, इंग्रजीत जेमतेम २२ शब्दांची, कोणत्याही पंथाचं नाव नसलेली. त्याविरुद्ध पाच पालक न्यायालयात गेले. त्यांत ज्यू होते आणि देव न मानणारेही होते. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मुलांनी म्हणायची प्रार्थना लिहिणं हे सरकारचं कामच नाही. त्याआधी, १९५६ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या अॅबिंग्टनच्या शाळेत एलरी शेंप नावाचा सोळा वर्षांचा मुलगा सकाळचं बायबलवाचन चालू असताना कुराण उघडून मनातल्या मनात वाचत बसला आणि मग प्रार्थनेला उभा राहिला नाही. त्याची प्रिन्सिपलकडे रवानगी झाली. त्याचं कुटुंब युनिटेरियन या उदार पंथाचं, नेमाने चर्चला जाणारं. ते न्यायालयात गेले आणि १९६३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. आणि तुमच्याच टेक्सासमधल्या सांता फे गावात फुटबॉलच्या मॅचआधी लाउडस्पीकरवरून होणाऱ्या प्रार्थनेविरुद्ध जी कुटुंबं उभी राहिली, त्यांत एक मॉर्मन होतं आणि एक कॅथलिक. तो निकाल २००० सालचा.

आता आपल्या माणसांकडे या. जुलै २००७ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली. हिंदू धर्मगुरू राजन झेद ती म्हणायला उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जातून ख्रिस्ती निदर्शकांनी आरडाओरडा करून ती बंद पाडायचा प्रयत्न केला. अलाबामामध्ये १९९३ पासून सरकारी शाळांत योगाला बंदी होती. २०२१ मध्ये ती उठली, पण 'नमस्ते' म्हणायची मनाई कायम ठेवून. शाळेत धर्माला वाव द्या असं जेव्हा बहुसंख्य म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कोणता धर्म असतो, हे यावरून ओळखा. टेक्सासने २०२५ मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक लावण्याचा कायदा केला. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत ज्यू, ख्रिस्ती आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या कुटुंबांबरोबर हिंदूही आहेत. तेव्हा तुमचा मुलगा जे मागतोय ते तुमच्याही कामाचं आहे. त्यासाठी तुम्हाला देवघर बंद करावं लागत नाही.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. 'आपणही प्रार्थना म्हणतच होतो' हे खरंच आहे. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची, वर्गात सरस्वतीवंदना म्हणायची, यात आपल्याला काही टोचलं नाही, कारण ती आपली होती. त्याच रांगेत हात जोडून उभ्या असलेल्या दुसऱ्या धर्माच्या मुलाला काय वाटत होतं, हे आपण कधी विचारलं का? आपल्या घटनाकारांनी तो विचार केला होता. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेत ओढता येत नाही. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका नास्तिक शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला: शाळेच्या प्रार्थनेत हात जोडण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. दोन्ही देशांची वाट सारखी नाही. आपलं सरकार देवस्थानांचा कारभारही पाहतं, अमेरिकेत ते चालणार नाही. पण हात जोडायची बळजबरी नको, इथे दोन्ही देश एका जागी येतात.

आणि 'अमेरिकेची हवा' म्हणाल, तर गोपाळ गणेश आगरकर कुठल्या हवेतले होते? पुण्यात लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. देव न मानणारी माणसं मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तुमचा मुलगा त्यांच्या वंशातला आहे हे त्याला कोणी सांगितलंय का? त्याला वाटत असेल की मराठी म्हणजे आरती आणि नास्तिक म्हणजे अमेरिकन. आगरकरांबद्दल त्याला वडिलांनीच सांगितलं तर फार बरं होईल.

ग्रीन कार्डची धास्ती मात्र खरी आहे. धर्मस्वातंत्र्याची हमी फक्त नागरिकांपुरती नाही, शिवाय मुलगा जन्माने नागरिक आहे. पालकाने शाळेला सभ्य भाषेत ईमेल पाठवणं हा तिथला रोजचा व्यवहार आहे. तरीही सध्याच्या वातावरणात घरच्या कर्त्या माणसाला झोप लागत नसेल, तर कोणी काही म्हणो, ती झोप महत्त्वाची. तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या, आणि विचारताना यजमानांना सोबत घ्या. वकिलाने त्यांच्या समोर सांगितलेलं त्यांना पटेल, तुमच्या तोंडून ऐकलेलं कदाचित पटणार नाही.

मुलाशी बोलताना मी सुरुवात त्या चित्रापासून करेन. येशूची टिंगल करायचा त्याला कायद्याने हक्क आहे. पण त्या चित्राने कोचच्या हातात आयतं कारण दिलं आणि जे दोन मित्र त्याच्या बाजूने बोलले असते तेच दुरावले. त्यांची माफी मागायला सांगा. आपली मतं सोडायची गरज नाही. "तुमच्या देवाची थट्टा केली ते चुकलं, कोचने प्रार्थना सांगू नये हे माझं म्हणणं कायम आहे," एवढं त्याला म्हणता यायला हवं. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली तर समजा, त्याला आपली लढाई कळली आहे.

दुसरा प्रश्न त्याला विचारा, आणि उत्तर द्यायला वेळ द्या: "तुला नक्की काय हवंय? प्रार्थना बंद व्हायला हवी, तुला त्यातून मोकळीक हवी, की टीममधली जागा परत हवी?" या तिन्हींचे मार्ग वेगळे आहेत. हे मी बजावून सांगतो, कारण या चळवळीच्या इतिहासात एक दुखरी जागा आहे. शेंपच्या खटल्याबरोबरच बाल्टिमोरच्या मॅडलिन मरे यांचा खटला निकाली निघाला. त्या कट्टर नास्तिक. पुढे अमेरिकन एथिइस्ट्‌स ही संघटना त्यांनीच उभी केली. खटला त्यांच्या शाळकरी मुलासाठी होता, विल्यमसाठी. शेजारपाजारचा सगळा राग त्या घराने झेलला. तोच विल्यम मोठेपणी ख्रिस्ती झाला आणि आईच्या कामाला त्याने जाहीर विरोध केला. निकाल योग्य होता असंच मी म्हणेन. पण मुलाच्या नावाने लढायचं, तर ते मुलाला झेपेल तेवढंच आणि त्याच्या मर्जीने. तुमच्या घरी उलटं आहे, मुलगा पुढे आणि तुम्ही मागे. म्हणून लगाम धरायचं काम तुमच्याकडे येतं.

कायदा आज कुठे आहे, तेही त्याने समजून घ्यावं, नाहीतर कोणीतरी त्याच्या तोंडावर २०२२ चा केनेडी खटला फेकेल. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन गावचे फुटबॉल कोच जोसेफ केनेडी मॅच संपल्यावर मैदानाच्या मध्यभागी गुडघा टेकून प्रार्थना करत. सहा विरुद्ध तीन मतांनी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून 'कोच प्रार्थना करू शकतो' असं सर्रास म्हटलं जातं. पण बहुमताने ती प्रार्थना खासगी आणि शांतपणे केलेली मानली, आणि ती मॅचनंतर, खेळाडू दुसऱ्या कामात असताना केलेली होती, यावर भर दिला. लॉकर रूममधल्या प्रार्थना केनेडी यांनी आधीच बंद केल्या होत्या आणि त्या पुन्हा सुरू करण्याचा हक्क ते मागत नव्हते, हेही निकालात आहे. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी खेळाडूंच्या गराड्यातल्या केनेडींचे फोटोच निकालपत्रात छापले. मला विचाराल तर वस्तुस्थिती त्या फोटोंत आहे. पण बहुमताचा निकाल धरला तरी तुमच्या मुलाची बाजू भक्कम आहे: कोच मॅचआधी, कामावर असताना, मुलांना रिंगणात उभं करून प्रार्थना सांगतात.

म्हणून वकिलाच्या पत्रापासून सुरुवात नको. आधी मुलाने एका वहीत लिहून ठेवावं: तारीख, जागा, कोच काय म्हणाले, कोण हजर होतं. फक्त ऐकलेलं आणि पाहिलेलं. अकरा जणांत न घेण्याचा संबंध प्रार्थनेशी लावू नये. तो कदाचित असेल, पण हातात पुरावा नाही, आणि त्या एका आरोपाने बाकीची खरी तक्रारही पातळ होईल. वगळलेल्या मॅचच्या तारखा मात्र वहीत असू द्या.

मग तुम्ही पालक म्हणून ईमेल लिहा, शक्यतो दोघांच्या सहीने. आधी कोचला की थेट प्रिन्सिपलला, हे मुलाला विचारून ठरवा. रोज त्या माणसासमोर उभं त्याला राहायचं आहे. मजकूर साधारण असा: "कोच मुलांसाठी घेत असलेल्या कष्टांबद्दल आम्ही आभारी आहोत. मॅचआधी कोच स्वतः प्रार्थना सांगतात असं आम्हाला कळलं. टीममध्ये वेगवेगळ्या श्रद्धांची आणि श्रद्धा नसलेलीही मुलं असू शकतात. कामावर असलेल्या कोचनी प्रार्थना सांगू नये, त्याऐवजी सर्वांना क्षणभर शांत राहू द्यावं, ही विनंती. मुलांना आपापसांत प्रार्थना करायची असेल तर आमची काहीच हरकत नाही. डिस्ट्रिक्टचं याबद्दलचं धोरण आम्हाला कळवावं." हरकत नसल्याचं वाक्य गाळू नका. ते खरंही आहे आणि कायद्यालाही धरून आहे. मुलांना स्वतःहून प्रार्थना करायचा हक्क आहेच. 'नास्तिक' हा शब्द ईमेलमध्ये घालायची गरज नाही. मुलगा काय मानतो हे शाळेला सांगायला तो बांधील नाही. पुष्कळ वेळा प्रकरण इथेच मिटतं, कारण डिस्ट्रिक्टच्या वकिलालाही कायदा ठाऊक असतो.

उत्तर आलं नाही, किंवा मुलाला त्रास सुरू झाला, तर पुढची पायरी. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचं फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन नास्तिकांची बाजू उघडपणे मांडतं. धर्म आणि शासन वेगळे ठेवा म्हणणारी अमेरिकन्स युनायटेड आणि नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू या संस्थांसोबत श्रद्धाळू लोकही काम करतात. कुटुंबाचं नाव न सांगता शाळेला पत्र लिहिणं हे त्यांच्या नेहमीच्या कामातलं. तुमच्या मनाला यांतली कोणती संस्था मानवते ते बघा. मुलाच्या आवडीचीच हवी असं नाही. पण नाव झाकण्यालाही मर्यादा आहे. सांता फेच्या खटल्यात तक्रारदार कोण हे हुडकण्याचा प्रयत्न थांबवा, असं न्यायालयाला शाळेच्या लोकांना बजावावं लागलं होतं. टीममध्ये रिंगणाबाहेर बसणारा एकच मुलगा असेल, तर पत्रावर नाव नसूनही ते सगळ्यांना कळणार. खटला तर वर्षानुवर्षं चालतो. तोवर मुलगा पदवी घेऊन मोकळा होईल. हे सगळं ऐकूनही त्याला पुढे जायचं असेल, तर तो काय पत्करतोय हे त्याला माहीत असेल, आणि मग तुम्ही त्याच्या पाठीशी उभ्या राहा.

राहिली आरती. घरात राज्यघटना चालत नाही. घर तुमचं, देव तुमचे, आणि मुलगा आला नाही याचं दुःखही तुमचं. ते त्याला सांगा. फक्त एकाच महिन्यात कोचने रिंगणात ओढू नये म्हणून त्याच्या बाजूने लिहायचं आणि घरी त्याला ओढून आरतीला आणायचं, हे त्याला विसंगत वाटेल, आणि त्यात त्याची चूक नाही. हात जोड म्हणू नका. पण गणपती म्हणजे फक्त हात जोडणं आहे का? मखर त्याच्या डोक्याने करू द्या. तुम्ही उकड काढाल तेव्हा पारी वळायला त्याला बसवा. पहिले दहा मोदक फाटतील, फाटू देत. पाहुण्यांना ताटं नेऊन द्यायला सांगा. मागच्या अंगणात बादलीत विसर्जन करताना पाणी भरायला तोच लागेल. आरती चालू असताना तो दारात हात मोकळे सोडून उभा राहिला तर त्याला तसाच उभा राहू द्या, आणि कोणी मावशी-काकांनी टोमणा मारला तर त्याच्या आधी तुम्ही बोला.

ईमेलचा मसुदा आधी मुलाला दाखवा. त्याला एखादं वाक्य खोडायचं असेल तर खोडू द्या, आणि मग पाठवा.